नाव एकाकडे, चाल दुसऱ्याकडे

गाण्याच्या घराण्यांत एक गोष्ट पुष्कळदा घडते. उस्तादांचं नाव, घर आणि तानपुरा मुलाकडे जातो आणि गायकी मात्र कुठल्या तरी परगावच्या शिष्याच्या गळ्यात जाऊन बसते. मुलगा मैफलीत बसला की लोक आडनावाला दाद देतात. शिष्य बसला की जुन्या श्रोत्यांचे डोळे आपोआप मिटतात आणि त्यांना उस्ताद आठवतात. मग वारस कोण? कागदावर एक उत्तर असतं, कानाला दुसरं मिळतं.

मोटारींच्या इतिहासात अगदी असाच एक किस्सा आहे. १९६२ साली इंग्लंडात दोन माणसांपुरती, उघड्या टपाची एक छोटी स्पोर्ट्स कार निघाली. तिचं नाव लोटस एलान. पुढे १९८९ साली तिचे दोन वारस एकाच वर्षात जगापुढे आले. एकाकडे तिचं नाव होतं, दुसऱ्याकडे तिची चाल. मराठीत 'चाल' हा शब्द मोठा सोयीचा आहे. घोड्याची असते तीही चाल आणि गाण्याची असते तीही चाल. मला दोन्ही अर्थ अभिप्रेत आहेत.

मी कवितेचा माणूस. या गाड्यांचा मी मालक नाही आणि होण्याची शक्यताही नाही. पण वृत्तात लिहिणाऱ्याला वजनाची सवय असते. ओळीत एक मात्रा जास्त झाली की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पाय अडखळल्याचं त्याला कळतं. मोटारींच्या दुनियेत एका इंग्रज माणसाने आयुष्यभर हाच मात्रांचा हिशेब मांडला. त्याचं नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९२८चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामशास्त्र शिकला. पूल, तुळया, खांब यांवर भार कसा वाटला जातो, हे ते शिक्षण. १९४८ साली त्याने एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन तिची आपल्या पद्धतीने पुनर्बांधणी केली आणि १९५२ साली लोटस कंपनी सुरू केली. पहिलं वर्कशॉप होतं उत्तर लंडनमध्ये, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. महायुद्धाने दमलेला तो देश, पैसा बेताचा, साहित्य बेताचं. मोठं इंजिन परवडत नसेल तर काय करायचं? गाडीचं वजन कमी करायचं. ताकदवान इंजिन सरळ रस्त्यावर उपयोगी पडतं. हलकी गाडी मात्र वेग घेताना, वळताना, थांबताना, सगळीकडेच चपळ असते. चॅपमनच्या सगळ्या विद्येचं सार एवढंच.

एलानमध्ये ही विद्या रस्त्यावर उतरली. त्याआधी १९५७ साली लोटसने एलीट नावाची गाडी काढली होती. तिचा सांगाडा आणि कवच दोन्ही फायबरग्लासचं होतं. गाडी देखणी होती, पण करायला फार खर्चिक. एलानसाठी वेगळा मार्ग निघाला. मध्यभागी पोलादी पत्र्याचा एक पोकळ कणा, पुढे आणि मागे दोन फाटे फुटलेला, आणि त्यावर चढवलेलं फायबरग्लासचं अंग. माणसाच्या पाठीच्या कण्यासारखीच ही रचना. गाडीचं रूप रॉन हिकमन या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या रचनाकाराचं. याच हिकमनने पुढे सुतारकामाचं घडीचं बाक शोधून काढलं आणि 'वर्कमेट' या नावाने ते जगभरच्या घरांत पोचलं. इंजिनाचा खालचा ठोकळा साध्या फोर्ड गाडीचा. त्यावर दोन कॅमशाफ्टचं नवं डोकं बसवलं ते हॅरी मंडी यांनी आखलेलं. हे मंडी मोटारींच्या एका साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते. १,५५८ सीसीचं इंजिन, सुमारे १०५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन जेमतेम ६८० किलो. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या काळी हे सगळं एका छोट्या गाडीत एकत्र मिळणं दुर्मीळ होतं.

आणखी एक गंमत सांगतो. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर विक्रीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून एलान सुट्या भागांतही मिळायची. खरेदीदार खोकी घरी न्यायचा आणि आपल्या गॅरेजात पान्हे घेऊन गाडी जोडायचा. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली आणि त्याच वर्षी ही दोन आसनांची एलानही बंद झाली. मधल्या काळात 'द अ‍ॅव्हेंजर्स' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत डायना रिगने ती चालवली आणि ज्यांनी कधी बॉनेटही उघडलं नव्हतं अशांच्याही ती मनात बसली.

पण जाणकार तिची आठवण काढतात ती तिच्या स्टिअरिंगसाठी. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. जीप आणि फियाट यांच्यावर त्यांचा हात बसलेला. दुरुस्ती झाली की ते गाडी गावाबाहेर काढत आणि शेजारी बसलेल्याला गप्प राहायला सांगत. "स्टिअरिंग बोलतंय, मला ऐकू दे," म्हणत. रस्त्यावरचा खडा, ओल, चाकाची पकड सुटण्याआधीची थरथर, हे सगळं तळहाताला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एलानबद्दल जगातले मोठमोठे लोक हेच सांगतात. १९९२ साली मॅक्लारेन एफ-वन ही त्या काळातली अत्यंत वेगवान गाडी रचणाऱ्या गॉर्डन मरे यांनी खंत व्यक्त केली होती, की एलानसारखं स्टिअरिंग आपल्याला या गाडीला देता आलं नाही. तीस वर्षांनंतरच्या, कितीतरी पटींनी महाग गाडीच्या कर्त्याने दिलेली ही दाद आहे.

आता दुसरी बाजू. एलान सांभाळणं सोपं नव्हतं. फायबरग्लासला गंज चढत नाही, पण आतला पोलादी कणा गंजायचा आणि बाहेरून पत्ता लागायचा नाही. मागच्या चाकांना ताकद पोचवणारे रबराचे जोड झिजायचे. हेडलाइट बॉनेटमध्ये झाकलेले असत आणि निर्वात दाबाने वर उचलले जात. सुरुवातीच्या गाड्यांत तो दाब गळू लागला की रात्रीच्या वेळी दिवे हळूहळू पापण्या मिटू लागायचे. रसिकाला यातही मौज वाटत असेल, पण सकाळी कामावर वेळेत पोचायचं असेल त्याला ती कशी वाटणार?

आणि हलकेपणाची याहून मोठी किंमतही होती. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या विलक्षण वेगवान होत्या आणि नाजूक म्हणूनही ओळखल्या जात. लोटसच्या गाडीतून १९६३ आणि १९६५ साली जगज्जेता झालेला जिम क्लार्क १९६८ साली जर्मनीत होकेनहाइमला लोटसमध्येच गेला. १९७० साली इटलीत मोंझाला योखेन रिंट गेला, तोही लोटसमध्येच, आणि त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. शर्यत ही तशीही जिवावरची गोष्ट होती आणि प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं, हे खरं. तरीही या दोन नावांची आठवण न ठेवता हलकेपणाचे गोडवे गाणं मला बरं वाटत नाही.

इकडे जगही बदलत होतं. अमेरिका हे अशा छोट्या इंग्रजी गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक. तिथे १९६६ साली वाहन सुरक्षेचा कायदा झाला, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा. बंपर मजबूत हवेत, धूर कमी हवा. मागण्या रास्त होत्या, पण जुन्या रचनांना त्या झेपल्या नाहीत. एमजी कंपनीची एमजीबी ही लोकप्रिय उघडी गाडी १९७४ साली रबरी बंपर लावून, जमिनीपासून उंच करून विकावी लागली आणि तिची ऐट गेली. १९८० साली अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला. ट्रायम्फ स्पिटफायरही त्याच वर्षी थांबली. दोन वर्षांनी, १९८२च्या डिसेंबरात, चॅपमन हृदयविकाराने गेला. वय अवघं ५४. उघड्या टपाच्या त्या साध्या, चपळ, मध्यमवर्गाला परवडणाऱ्या गाडीचा अध्याय मिटला, असंच सगळ्यांनी धरलं.

तो पुन्हा उघडला कुठे? जपानमध्ये, हिरोशिमात. माझदा ही कंपनी तिथली. १९२० साली बुचं तयार करणारा कारखाना म्हणून ती सुरू झाली आणि १९३१पासून तीनचाकी मालवाहू गाड्या काढू लागली. नावात संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाचा ध्वनी आहे, आणि कंपनी स्वतः सांगते त्याप्रमाणे 'अहुर मज्द'चाही. आपल्या पारशी शेजाऱ्यांमुळे हे नाव आपल्याला परकं नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा हा कारखाना एका टेकडीच्या आडोशामुळे बऱ्याच अंशी वाचला. शहराचा कारभार चालवायला इमारत उरली नव्हती, म्हणून काही काळ जिल्हा प्रशासनाची कचेरी या कारखान्यात होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकींचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. १९४६ साली तिथे केनिची यामामोतो नावाचा तरुण इंजिनीयर कामाला लागला, तोही थेट कामगारांच्या रांगेत. पुढे १९८४ साली तो कंपनीचा अध्यक्ष झाला.

१९७९ साली बॉब हॉल नावाचा एक अमेरिकी मोटार-पत्रकार यामामोतोंना भेटला. पुढे कोणती गाडी काढावी, असं त्यांनी विचारलं. हॉलने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, की ती जुनी इंग्रजी गाडी कुणीच काढत नाही. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, टप उघडं, किंमत बेताची. ती तुम्ही काढा. १९८१ साली हॉल माझदातच रुजू झाला. पुढे यामामोतोंना एक ट्रायम्फ स्पिटफायर देऊन हाकोनेच्या डोंगराळ घाटातून चालवायला लावलं गेलं. वळणावळणांचा तो रस्ता पार करून ते परतले तेव्हा त्यांचा विचार पक्का होत आला होता, असं ही कथा सांगते.

गाडीच्या आखणीसाठी कंपनीच्या जपानी आणि कॅलिफोर्नियातल्या चमूंमध्ये स्पर्धा झाली. जपानी चमूने काळाला धरून पुढच्या चाकांवर चालणारा आणि मधोमध इंजिन असलेला असे पर्याय मांडले. जुना इंग्रजी आराखडा मांडणारा कॅलिफोर्नियाचा चमू जिंकला. आणि मौज बघा, चाचणीसाठीचा पहिला चालता नमुना बांधून घेतला तो इंग्लंडातल्या वर्दिंग गावी. १९८५ साली तो कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला तेव्हा लोक थांबून विचारू लागले, ही कुठे मिळते?

१९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. माझदा एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा. तिचे प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी आपल्या माणसांपुढे एक जपानी शब्द ठेवला होता : 'जिनबा इत्ताई'. अर्थ, स्वार आणि घोडा एकरूप. घोडा दौडत असताना धनुष्यबाण चालवण्याची जपानची जुनी विद्या आहे, तिथला हा विचार. स्वाराचे हात धनुष्याला गुंतलेले, लगाम मोकळा, घोड्याला इशारा कळला पाहिजे तो अंगाच्या हालचालीने. आमचे चाचा गाडी गावाबाहेर काढून जे ऐकत, ते हेच.

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पाहा. एलानचं इंजिन १,५५८ सीसी, एमएक्स-५चं १,५९७. एलानची ताकद सुमारे १०५ अश्वशक्ती, एमएक्स-५ची ११५च्या आसपास. दोन्हींत दोन कॅमशाफ्ट, चारही चाकांना डिस्क ब्रेक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. एलानच्या पोटात पोलादी कणा, तर एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना घट्ट जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट. दोघींचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले. पण एमएक्स-५चे दिवे विजेच्या मोटारीवर उघडतात, ते पापण्या मिटत नाहीत. फरक उरतो वजनाचा. एमएक्स-५ साधारण ९५० किलोंची, म्हणजे एलानपेक्षा पावणेतीनशे किलोंच्या आसपास जड.

हे वजन कशाचं? दणकट पोलादी अंगाचं, दारांच्या आत बसवलेल्या मजबूत पट्ट्यांचं, अपघातात हळूहळू चुरगळत जाऊन माणसाला वाचवणाऱ्या रचनेचं, अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांमधल्या चालकाच्या एअरबॅगचं. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू होणारच, या भरवशाचंही वजन त्यात आहे. कवितेत जास्तीची मात्रा दोष ठरते. पण अर्थासाठी आवश्यक असलेला शब्द वजन वाढवतो म्हणून कोणी काढून टाकत नाही.

त्याच १९८९ साली लंडनच्या प्रदर्शनात खुद्द लोटसनेही नवी एलान आणली. नाव वडिलोपार्जित, कारखाना तोच, नॉरफोकमधल्या हेथेल गावचा. तोपर्यंत लोटसची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेली होती. इंजिन आलं जपानच्या इसुझूकडून, कारण जनरल मोटर्सचा तिथेही हिस्सा होता. आणि ताकद दिली पुढच्या चाकांना, जे कुठल्याच जुन्या एलानने केलं नव्हतं. गाडी वाईट नव्हती. पीटर स्टीव्हन्स यांची आखणी होती, वळणांवर ती विलक्षण वेगाने आणि स्थिरपणे जायची, आणि घड्याळ लावलं तर कदाचित तीच जिंकली असती. पण माझदापेक्षा ती बरीच महाग होती आणि नेमकी मंदीची वर्षं आली. शिवाय जुन्या एलानचे चाहते तिच्यात जे शोधत होते, ते त्यांना जपानी गाडीत सापडत होतं. सुमारे ३,८५० गाड्या निघाल्या आणि १९९२ साली उत्पादन थांबलं. मालक बदलल्यावर आणखी ८०० काढल्या. मग तिचे हक्क दक्षिण कोरियाच्या किया कंपनीने घेतले आणि १९९६ ते १९९९ ती किया एलान म्हणून विकली गेली. वडिलोपार्जित नाव असं हातोहात परक्या घरी गेलं.

एमएक्स-५ने मात्र २००० सालच्या मे महिन्यापर्यंत ५,३१,८९०चा आकडा गाठला आणि सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनेस बुकात नोंद मिळवली. २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

मग माझदाने नक्कल केली का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. गझल अरबीतून फारसीत आली, फारसीतून उर्दूत, आणि मराठीत माधव ज्यूलियनांनी आणली, सुरेश भटांनी रुजवली. हिला नक्कल म्हणायचं का? घाट तोच राहिला, पण श्वास मराठीचा झाला. मी मराठीत लिहितो तेव्हा कधीमधी कौतुकाने कोणी म्हणतं, "तुमची मराठी छान आहे हो." त्या कौतुकाच्या पोटात एक प्रश्न लपलेला असतो, हे मला कळतं. त्याचं उत्तर मला वादात सापडलं नाही, ते हिरोशिमाच्या या गाडीत थोडंफार सापडलं. एखाद्या परंपरेचा जन्म कुठे झाला, ते नकाशावर दाखवता येतं. ती पुढे कुठे जगली, हे तिच्या दोषांची काळजी कुणी घेतली त्यावरून ठरतं. एलानवर प्रेम करणारे पुष्कळ होते. तिचे दिवे मिटतात, सांधे झिजतात, कणा गंजतो, हेही पुष्कळांना ठाऊक होतं. माझदाच्या इंजिनीयरांनी त्या प्रेमापायी एकेका दोषाशी वर्षानुवर्षं झटापट केली आणि ती चाल शिक्षकाला, परिचारिकेला, दुकानदाराला परवडेल अशी करून दिली.

वारसाला शिस्तही सांभाळावी लागते. एमएक्स-५ची दुसरी पिढी आली तेव्हा झाकलेले दिवे गेले. तिसरी २००५ची, ती आणखी थोराड झाली. वाढत्या वयात अंग सुटतं तसंच हे. मग २०१५च्या चौथ्या पिढीत इंजिनीयरांनी पुन्हा हिशेबाची वही उघडली आणि आधीच्या पिढीपेक्षा शंभराहून अधिक किलो उतरवून गाडी सुमारे एक टनावर आणली. सुरक्षेची साधनं कमी न करता. साठहून अधिक वर्षांपूर्वी एका तबेल्यातून निघालेल्या माणसाचा हा गृहपाठ समुद्रापलीकडच्या लोकांनी अजून सोडलेला नव्हता.

जुनी एलान आज संग्राहकांकडे आहे. पुसून, झाकून, रविवारी बाहेर निघणारी. तिथे ती शोभते आणि तिचा मान तिला मिळायलाच हवा, कारण पहिली ओळ तिची आहे. पण ओळ जिवंत राहते ती पुढच्या तोंडी गेल्यावर. कुणाच्या तोंडी जावी, हे पहिल्या कवीच्या हातात नसतं.